बत्ताशाचा माठ

केतकी पांढरीपांडे सकाळी उठून सगळ्यात आधी नमस्कार करायची तो थर्मामीटरला. म्हणजे अगदी हात जोडायची असं नव्हे. पण ज्या धडधडत्या काळजाने ती त्या काचेच्या नळीकडे बघायची, तसं तिने देवघराकडे बघितलं असतं तर तिचे सासरे प्रभाकरराव धन्य झाले असते. नळी पाण्यात उभी असायची, पाणी काचेच्या टाकीत, आणि टाकीच्या तळाशी, कान तुटलेल्या कपाच्या आडोशाला, बत्तासा.

बत्तासा हा ॲक्सोलॉटल होता. हा शब्द टाउनशिपमध्ये कोणाला धड म्हणता आला नाही, त्यामुळे तो नेमका काय आहे यावरही एकमत झालं नाही. बोटभर लांब, दुधात चिमूटभर कुंकू पडावं तसा रंग, चार पाय, एक शेपटी, डोक्याच्या दोन्ही अंगांना पिसांसारखे फुललेले गुलाबी कल्ले, आणि तोंड असं की आत्ताच कोणीतरी गंमत सांगितली असावी. मूळचा मेक्सिकोचा, थंड तळ्यातला. ओवीच्या पुण्याच्या मामाने तिच्या सहाव्या वाढदिवसाला तो आणून दिला. मामा लोकांचं बरं असतं. देऊन झालं की त्यांची परतीची गाडी असते. "हा कधी मोठाच होत नाही, जन्मभर पोर राहतो," असं मामा सांगत होता तेव्हा केतकीची नजर सवयीने नवऱ्याकडे गेली. पाणी मात्र थंड हवं, असंही मामाने सांगितलं. विसाच्या वर गेलं की त्याला त्रास, पंचविसाच्या वर गेलं की आपल्याला. पण हे त्याने सांगितलं फेब्रुवारीत. फेब्रुवारीत भोपाळमध्ये कोणीही काहीही पाळू शकतं.

मग एप्रिल आला.

कारखान्याच्या टाउनशिपमधली क्वार्टर्स तशी प्रेमळ. जाड भिंती, मागे व्हरांडा, अंगणात आंबा. पण छतावरून दिवसभर जी आग उतरते तिला प्रेमाचं काही पडलेलं नसतं. केतकीने टाकीवर छोटा पंखा लावला. फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून त्या आळीपाळीने टाकीत सोडायला सुरुवात केली. फ्रीजरमधून मटार, आंब्याचा रस आणि प्रभाकररावांचं गुडघा शेकायचं जेल क्रमाक्रमाने हद्दपार झालं. ती कणीक मळता मळता उठायची, फोन कानाला लावून उठायची, एकदा तर सत्यनारायणाच्या कथेतून तिसऱ्या अध्यायाला उठली.

सल्ले फुकट होते. वरच्या मजल्यावरच्या सुधाकाकू सरवटे मूळच्या इंदूरच्या. त्यांच्याकडे प्रत्येक रोगावर इलाज होता आणि प्रत्येक इलाजावर शेव भुरभुरलेली असायची. "अगं, हळद घाल थोडी पाण्यात. माणसाला चालते, त्याला न चालायला काय झालं?" दुसऱ्या दिवशी, "याला पाय आहेत ना? मग पाण्यात कशाला कोंडलास? चालू दे की जरा मोकळं." तिसऱ्या दिवशी मात्र त्या खरं काहीतरी बोलून गेल्या. "एवढा बर्फाचा खटाटोप करण्यापेक्षा एक नवा माठ आण बाई. माठाला लाइट लागत नाही." केतकीने ते मनावर घेतलं. कोलार रोडच्या कुंभाराकडून बेताचा माठ आणला आणि अडीअडचणीला असावा म्हणून भिजवून मागच्या व्हरांड्यात कोपऱ्यात पालथा घालून ठेवला.

मधल्या काळात तिने सरकारी मार्गही चोखाळून पाहिला. क्वार्टरमध्ये एसी लावायचा तर विद्युत विभागाची मंजुरी लागते, कारण भिंतींतल्या तारा भिंतींच्याच वयाच्या. तिथले काशिनाथबाबू सज्जन. "मैडम, कारण में क्या लिखें?" केतकीने खोटं न बोलता लिहिलं, परिवार के सबसे छोटे सदस्य का स्वास्थ्य. आठवडाभराने ते स्वतः पाहणीला आले, बूट दाराबाहेर काढले, झोपलेलं बाळ उठू नये म्हणून हलक्या आवाजात म्हणाले, "बच्चा कहाँ है?" त्यांना टाकीपुढे नेण्यात आलं. काशिनाथबाबूंनी बत्ताशाकडे बघितलं. बत्ताशाने काशिनाथबाबूंकडे बघून तेच जन्मजात हसू हसलं. मग बाबूंनी गंभीरपणे विचारलं, "इनका नाम मेडिकल कार्ड में चढ़ा है?"

नव्हतं. मग प्रकरण अवघड होतं.

इतकं सगळं एका बोटभर जिवासाठी का? तर ओवीसाठी. ओवी सुट्टीला आजीबरोबर नागपूरला गेली होती, आणि जाताना रिक्षात बसल्यावर तिने खाली उतरून, परत घरात येऊन, टाकीच्या काचेला नाक लावून विचारलं होतं, "आई, तू याला मरू देणार नाहीस ना?" केतकी म्हणाली, "नाही." इंजेक्शन दुखत नाही हे आया ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात. तेव्हापासून रोज दिवेलागणीला नागपूरहून व्हिडिओ कॉल यायचा. आईचं तोंड दिसलं की ओवी म्हणायची, "तू नको, तो दाखव." मग डोकं दाखवायचं, शेपूट दाखवायची, चारही पंजे दाखवायचे. पोरीने एवढा एकच शब्द मागून घेतला होता, आणि तो रोज संध्याकाळी तपासून घेतला जात होता.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या रात्री जेवताना प्रभाकररावांनी घसा खाकरला. ते सचिवालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. घसा खाकरला म्हणजे टिपणी सुरू.

"उद्या आखाजी. आमच्या आईच्या नावाचा उदककुंभ दरवर्षी असतो."

उदककुंभ म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याने भरलेला नवा माठ द्यायचा, ऐन उन्हाळ्यात त्याची तहान भागावी म्हणून. पूर्वी तो गुरुजी घरी न्यायचे. आता गुरुजी स्कूटरवर हिंडतात आणि स्कूटरवर माठ बसत नाही, म्हणून महाराष्ट्र मंडळाने तोड काढली होती. सगळ्यांचे माठ मंडळाच्या टेंपोतून गोळा करायचे आणि इस्पितळाच्या फाटकापाशी पाणपोई मांडायची.

"हे सगळं तुझी सासू बघते," प्रभाकरराव पुढे म्हणाले. "ती यंदा नागपूरला. असो."

सेक्शन ऑफिसरच्या भाषेतला सर्वांत धोकादायक शब्द म्हणजे 'असो'. पण केतकीचा एक कान टाकीवरच्या पंख्याकडे होता. पंखा मघापासून खरखरत होता. ती म्हणाली, "हो बाबा." कशाला हो, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

पहाटे कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर धाडकन उडाला.

केतकी अंधारात टाकीपाशी पोचली तेव्हा पंखा गप्प होता आणि बत्तासा कपाबाहेर येऊन तिरपा तरंगत होता. कल्ले पुढे वळलेले. हे वाईट लक्षण. मामाने सांगितलेल्या सगळ्या लक्षणांत हे सगळ्यात वाईट. फ्रीजरमधल्या बाटल्या घामाघूम झाल्या होत्या. तिने पालथा माठ सुलटा केला, क्लोरीन उडावं म्हणून रात्री शिळं करून ठेवलेलं पाणी त्यात ओतलं, बत्ताशाला ओंजळीत उचलून आत सोडलं, तोंडावर मलमलचं ओलं फडकं बांधलं, आणि माठ व्हरांड्यात वाऱ्याच्या तोंडी, ओल्या पोत्यावर ठेवला. मग पहिल्या पाळीला निघालेल्या मोहनला गाठलं.

"अरे, बत्तासा माठात आहे. बाबांना सांग. मी बाग सेवनियाला जाऊन बर्फ घेऊन येते."

"हं," मोहन बुटाची नाडी बांधत म्हणाला.

नवऱ्याच्या 'हं'वर विसंबून बायका घराबाहेर पडतात, ही संसारातली सर्वांत जुनी चूक. केतकीने ती पुन्हा एकदा केली.

बर्फाची लादी स्कूटीच्या पायाशी ठेवून, साडीभर थेंब उडवत ती परत आली, तेव्हा व्हरांड्यात पोतं होतं. पोत्यावर एक ओलं वर्तुळ होतं. माठ नव्हता.

"ये, केतकी," आतून आवाज आला. "बैस जरा."

प्रभाकरराव हॉलमध्ये बसले होते. कपाळावर ताजं गंध, अंगात इस्त्रीचा झब्बा, आणि डोळे ओले. लग्नाला आठ वर्षं झाली, पण सासऱ्यांचे डोळे ओले झालेले केतकीने पाहिले नव्हते.

"काल मी बोललो ते तुझ्या कानांवरून गेलं असं मला वाटलं होतं," ते म्हणाले. "चूक माझी. सकाळी मागं गेलो, बघतो तर काय. नवा माठ. काठोकाठ भरलेला. तोंडावर स्वच्छ फडकं. अगं, आमची आई असती तर तिनंही इतका नीट मांडला नसता. संकल्प सोडताना मला शब्द आठवेना बघ."

"माठ... कुठंय बाबा?"

"कुठं म्हणजे? बोकारे टेंपो घेऊन आला होता ना. चढवला."

केतकीने दाराची चौकट धरली. "उघडून बघितला होतात?"

"छे! बांधलेलं तोंड कशाला उघडायचं? हलवून बघितला फक्त, भरलाय की नाही."

"हलवून!"

"चांगला भरलेला होता," प्रभाकररावांनी तिला धीर दिला.

हे वाक्य आता बोलून टाकायला हवं होतं. बाबा, त्यात बत्तासा आहे. चार शब्द. केतकीने तोंड उघडलं, आणि त्यांनी उपरण्याच्या टोकाने डोळे पुसले. "आठ वर्षांत मी तुला कधी शाबास म्हणालो नाही. म्हणजे प्रथाच नाही आमच्याकडे. पण आज म्हणतो." चार शब्द घशात परत गेले.

"बाबा, मी पाणपोईवर जाऊन येते. मला... बघायचाय तो तिथं मांडलेला."

याहून वाईट वाक्य तिला सुचलं नसतं. प्रभाकरराव उजळले. "थांब, मीही येतो!"

आणि मग ते तयार झाले. काळी टोपी झटकली. चष्मा शोधला, तो नाकावर होता. छत्री घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. कुलूप लावलं, ओढून बघितलं, चार पावलं जाऊन परत येऊन ओढून बघितलं. केतकी स्कूटी सुरू करून उभी होती आणि तिच्या डोळ्यांपुढे इस्पितळाच्या फाटकावर, रणरणत्या उन्हात, एक लांब दांड्याचा डाव माठात बुडत होता.

"बर्फ कशाला गं हा?" मागे बसता बसता त्यांनी विचारलं.

"पाणपोईला."

"वा!" प्रभाकरराव म्हणाले, आणि उपरण्याचं टोक पुन्हा डोळ्यांकडे गेलं.

सुधाकाकूंनी बाल्कनीतून हटकलं. "केतकी, कुठं निघालीस? तुझा तो सरडा कसा आहे?" केतकीने ऐकलं नाही असं दाखवून गाडी सोडली. मागून प्रभाकरराव बोलत होते. सरकारी कचेऱ्या भोपाळला हलल्या तेव्हा आई नागपूरहून कशी आली, इथल्या पाण्याला तिने जन्मभर कशी नावं ठेवली, उन्हाळ्यात दारावरून कोणी तहानलेला गेला की कशी तिला झोप यायची नाही. "हळू," ते मध्येच म्हणायचे. "घाई कसली? माठ काही पळून जात नाही."

माठ नव्हता जात. त्यातल्याला पाय होते.

पाणपोई झोकात मांडली होती. कडुनिंबाच्या सावलीत वाळूचा ओटा, वाळूत ओळीने माठ, प्रत्येकाच्या तोंडाला लाल कापड, पोटावर कुंकवाचं स्वस्तिक. सगळे सारखे. पलीकडे मलमलच्या फडक्यांचा ढीग पडला होता. म्हणजे तोंडं उघडली गेली होती! ओट्यामागे मंडळाचे चिटणीस विश्वनाथ बोकारे, प्रभाकररावांचे जुने मित्र आणि त्याहून जुने प्रतिस्पर्धी, एका हातात डाव आणि दुसऱ्या हातात वाळ्याची जुडी घेऊन उभे होते. पुढे रांग. इस्पितळात आलेले लोक, रिक्षावाले, पहिल्याच क्रमांकावर घामाने निथळणारा बसचा एक धिप्पाड ड्रायव्हर.

"या प्रभाकरराव!" बोकारे गरजले. "सूनबाईही आल्या? वा वा. आता बघा, प्रत्येक माठात वाळा घातलाय. पाणी कसं सुगंधी झालंय!"

"प्रत्येक?" केतकीने विचारलं.

"एकही सोडला नाही."

बत्ताशाला पाण्यातला क्लोरीनचा वासही सोसत नाही. केतकी ओट्याला लागून धावली. "बाबा, आपला कुठला?"

"ओळख की! मी गेरूनं नाव लिहिलंय. कै. कमलबाई. मागच्या अंगाला असेल. पुढं स्वस्तिक, मागं नाव, असं मंडळाचं ठरलंय."

तिने पहिल्या माठाच्या मागे डोकं घातलं. कै. दुसरंच कोणीतरी. दुसरा. तिसऱ्याच्या मागे आणखी कोणाचे आजोबा. लोक बघत होते. बोकाऱ्यांनी तोवर शेवटच्या माठाचं लाल कापड बाजूला सारलं, डाव आत घातला आणि ड्रायव्हरने ओंजळ पुढे केली.

शेवटच्या माठाच्या मागे, प्रभाकररावांच्या वळणदार अक्षरात, कमलबाई होत्या.

"थांबा!"

तो आवाज आपला आहे हे केतकीला रांगेतल्या लोकांनी माना वळवल्यावर कळलं. डाव हवेत थांबला. ड्रायव्हर ओंजळ तशीच धरून म्हणाला, "क्या हो गया बेनजी? प्यास से जान जा रई है यहाँ."

"भैया, दुसरे मटके से पी लो. इसका... इसका मत पियो."

"काय झालं सूनबाई?" बोकाऱ्यांच्या भुवया वर गेल्या. "या माठात काय वाईट आहे?"

"काही नाही. म्हणजे, हा माठ मला घरी न्यायचाय."

रांगेतल्या ज्यांना मराठी येत नव्हतं, त्यांनाही काहीतरी भयंकर घडल्याचं कळलं.

"घरी?" बोकारे सावकाश म्हणाले. मग ते प्रभाकररावांकडे वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा आनंद पसरला. "काय रे प्रभाकर, दिलेलं दान परत नेतोस? सेक्शन ऑफिसर होतास म्हणून अजून ऑर्डरी फिरवतोस होय?"

प्रभाकरराव टोपी हातात घेऊन उभे होते. "केतकी," ते हळूच म्हणाले, "हे काय बोलतेस तू?"

केतकीने आत वाकून बघितलं. माठाच्या पोटात काळोख. वाळ्याची मुळं तरंगत होती. कल्ले नाहीत, शेपूट नाही, काही नाही. बोकाऱ्यांनी याआधी किती डाव उपसले होते? ड्रायव्हरच्या आधी कोण होतं? आणि मग तिने कोपरापर्यंत हात माठात घातला.

"अहो, अहो! हात घातला!" बोकारे ओरडले. "प्यायच्या पाण्यात हात!"

"ऐसे तो हम भी निकाल लेते," ड्रायव्हर म्हणाला.

तळाशी गार, गुळगुळीत माती. मुळं. आणखी मुळं. मग मुळांच्या खाली बोटांना काहीतरी लागलं, मऊ, ओवीच्या कानाच्या पाळीसारखं मऊ. ते हललं नाही. तिने तळवा त्याच्याखाली सरकवला आणि अगदी हळू पाण्याच्या वर आणला. तिच्या ओंजळीतल्या चुळकाभर पाण्यात बत्तासा आडवा होता, एक कल्ला दुमडलेला, अंगाभोवती वाळ्याचं मूळ. तोंड तसंच हसरं. त्या तोंडावरून काही कळायची सोयच नव्हती. मग पुढच्या पंजाचं एक बोट उघडलं आणि मिटलं.

"बाबा," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "यात बत्तासा होता. लाइट गेले म्हणून मी ठेवला होता. मी तो माठ... तुमच्यासाठी मांडला नव्हता."

हे सगळ्यांसमोर झालं. मंडळाच्या चिटणिसासमोर झालं. प्रभाकररावांनी टोपी डोक्यावर घातली, नीट केली, आणि बोकाऱ्यांच्या हातून डाव काढून घेऊन ओट्यावर ठेवला.

"विश्वनाथ, हे पाणी पिण्याचं नाही," ते कार्यालयीन आवाजात म्हणाले. "यात जीव आहे. माठ मी नेतोय. तुला जी नोंद करायची ती कर."

परतीच्या वाटेवर बत्तासा पुन्हा माठात होता आणि ते माठ मांडीवर घेऊन बसले होते. केतकी मुद्दाम हळू चालवत होती, कारण आता हळू चालवायलाच हवं होतं, आणि मागून एकदाही 'हळू' ऐकू आलं नाही.

घरी आल्यावर तिने वाळ्याची मुळं एकेक करून काढली, माठाभोवती स्कूटीवर उरलेला बर्फ रचला, त्यावर पोतं गुंडाळलं. बत्तासा तळाशी जाऊन पडला तो पडलाच. लाइट आले नव्हते. प्रभाकरराव खोलीत गेले, बाहेर आले, जेवले नाहीत, आणि भर दुपारी छत्री घेऊन काही न सांगता निघून गेले. केतकी कधी माठात बघायची, कधी रस्त्यावर. दोन्हीकडे काही हलत नव्हतं. तिने त्यांच्या फोनवर फोन लावला. तो दिवाणावर उशीखाली वाजला.

मग मोहनचा फोन आला. "काय गं, बत्तासा कसा आहे माठात?"

"म्हणजे तू ऐकलं होतंस?"

"ऐकलं की. बाबांना सांगणारही होतो. नाडी तुटली आणि विसरलो."

केतकीने फोन ठेवला. काही गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात, त्यांना समोर माणूस लागतो.

उन्हं कलली तेव्हा प्रभाकरराव परतले. चेहरा तांब्यासारखा लाल, झब्ब्याची इस्त्री कुठच्या कुठे गेलेली, हात रिकामे. केतकीने पाणी दिलं. त्यांनी ते उभ्यानेच प्यायलं.

"कोलार रोडपर्यंत जाऊन आलो," ते म्हणाले. "कुठंच माठ नाही. आखाजी म्हटल्यावर सगळे सकाळीच संपले. मग नारायण गुरुजींना गाठलं. ते म्हणाले, परत घेतलंत म्हणजे दान झालंच नाही. सूर्य मावळायच्या आत पुन्हा द्या. ज्याला पाण्यावाचून अडलंय अशा कोणालाही द्या."

"बाबा, हाच माठ घ्या. मी बत्ताशाला पातेल्यात काढते."

"पातेल्यात जगेल?"

केतकी खोटं बोलू शकली असती. सकाळपासून तेच तर करत होती. "नाही," ती म्हणाली. "आज नाही जगणार. माठात तरी जगेल की नाही मला माहीत नाही. ओवीचा फोन यायची वेळ झाली."

प्रभाकरराव माठापाशी बसले. गुडघ्यातून कळ आली असणार, कारण तोंड वाकडं झालं. त्यांनी आत डोकावून बघितलं. बत्ताशाकडे त्यांनी असं वाकून याआधी कधी बघितलं नव्हतं; ओवीने कितीदा हाक मारली तरी ते पेपरमागूनच 'हो हो, छान' म्हणायचे.

"तुमच्या आईंना आवडला असता हा?" केतकीने विचारलं.

"मुळीच नाही," ते म्हणाले. "तिनं तुलाही बाहेर काढलं असतं आणि त्यालाही." मग थोडं थांबून म्हणाले, "पण पाणी दिलं असतं."

ते उठले, आत गेले, आणि सोवळं नेसून, हातात पळी-पंचपात्र घेऊन बाहेर आले. केतकीने समई लावून माठाशेजारी ठेवली. त्याच क्षणी फोन वाजला.

"आई, तू नको, तो दाखव," ओवी म्हणाली. मग तिला मागचं दिसलं. "आजोबा उघडे का बसलेत?"

"तुझ्या बत्ताशाला माझ्या आईच्या नावानं पाणी देतोय," प्रभाकरराव म्हणाले. "मध्ये बोलू नकोस. त्याचं गोत्र काय?"

"गोत्र म्हणजे?"

"आडनावासारखं. पण आडनावाहून जुनं."

"मग आपलंच," ओवी म्हणाली. "आपल्याकडेच राहतो ना तो."

प्रभाकररावांनी केतकीकडे बघितलं. चाळीस वर्षं ज्यांनी एका स्वल्पविरामासाठी फायली परत पाठवल्या, त्यांच्या मनात काय चाललं असेल ते तिला दिसत होतं. मग त्यांनी डोळे मिटले, आपल्याच गोत्राचा उच्चार केला आणि पळीभर पाणी सोडलं.

"झालं?" ओवीने विचारलं.

"नाही. घेणाऱ्यानं 'घेतलं' असं म्हणावं लागतं. त्याशिवाय दान पोचत नाही."

"तो कसा म्हणेल?"

केतकीने फोन माठाच्या तोंडावर धरला. समईच्या उजेडात पाण्याचा वरचा थर तेवढा चमकत होता, खाली काळोख होता. तळ दिसावा म्हणून ती फोन कधी या अंगाला, कधी त्या अंगाला कलवत होती आणि नागपूरला ओवीला सगळं हलताना दिसत असणार. "आई, नीट धर. दिसत नाहीये." अंगणातला उजेड आंब्याच्या शेंड्यापर्यंत चढून गेला होता. आता तिला सांगावं लागणार. कोणत्या शब्दांत सांगावं? केतकी शब्द शोधू लागली. तिला पहिला शब्दही सापडेना.

पाणी हललं.

काळोखातून काहीतरी फिकं वर येत होतं, सावकाश, एका अंगाला कललेलं. दुमडलेला कल्ला अर्धा उलगडला होता. बत्तासा पार वर आला, तोंड पाण्याबाहेर काढलं, हवेचा एक घोट घेतला. टुप्प! एवढाच आवाज झाला. मग शेपटीचा एक फटकारा मारून तो सरळ होऊन तळाशी गेला.

"घेतलं म्हणाला!" ओवी नागपूरहून किंचाळली. "आजोबा, म्हणाला तो!"

"ऐकलं मी," प्रभाकरराव म्हणाले. त्यांचा आवाज काही कार्यालयीन नव्हता.

"परत म्हणायला सांगा ना!"

"तसं सांगता येत नाही, ओवी. ते एकदाच म्हणायचं असतं." असं त्यांनी तिला बजावलं. पण माठापासून ते उठले नाहीत. पळी हातात तशीच धरून, दुखरा गुडघा लांब करून, पाण्यावर वाकून तिथेच बसून राहिले, न जाणो, म्हणालाच पुन्हा तर.